मोठी संख्या आणि तिचा ताळा

दोन हा आकडा सदुसष्ट वेळा मांडून गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. ही मूळ संख्या होय, म्हणजे हिला एक व ती स्वतः यांवाचून कशानेही पूर्ण भाग जात नाही, असे फ्रेंच पंडित मेर्सेन यांनी १६४४ साली लिहून ठेविले. १८७६ साली ल्यूका यांनी ते चूक ठरविले. परंतु भाजक हाती आले नाहीत. १९०३ साली न्यूयॉर्क येथील सभेत अमेरिकन गणिती कोल यांनी ते दाखविले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

नवाचा ताळा घेतल्यास तिन्ही संख्यांत १ उरतो. पुरती खात्री हवी असल्यास घरातील शाळकरी मुलांकडून संपूर्ण गुणाकार करवून घ्यावा. वचन कितीही मोठ्याचे असो, गणितात मान ताळ्यालाच!