झरी जामणीचे दोन तुकडे का झाले? – कमांड लाइन आर्ग्युमेंट समजून घेऊ



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. समजा, प्रत्येक तालुक्याची गुणांची फाईल वेगळी आहे आणि ३५ च्या खाली राहिलेल्या मुलांसाठी जादा तास घ्यायचे आहेत. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, आतच 'पुसद' आणि ३५ टाकून दिलं. मग वणीसाठी? फाईल उघडा, नाव बदला. दारव्ह्यासाठी पुन्हा तेच. कधीतरी बदलायचं राहतंच!

त्यापेक्षा या दोन गोष्टी स्क्रिप्ट चालवतानाच द्या. टर्मिनलवर स्क्रिप्टच्या नावापुढे एकेक जागा सोडून लिहायचं: पुसद ३५. हीच कमांड लाइन आर्ग्युमेंटं. स्क्रिप्टमध्ये 'सिस' मॉड्यूल आणलं की त्यातल्या 'आर्गव्ही' या यादीत ती ओळीने मिळतात. मोजणी शून्यापासून. शून्यावर स्क्रिप्टचं स्वतःचं नाव, १ वर पुसद, २ वर ३५.

आता खरी गोम. यादीत आलेलं ३५ ही संख्या नसते, तो मजकूर असतो. फाईलमधून वाचलेले गुणही मजकूरच. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी होते, म्हणजे पहिलं अक्षर आधी. ९ हे ३ पेक्षा मोठं, म्हणून ९ गुणांचं पोरगं पास! आणि १०० वाली मुलगी नापास, कारण १ हा ३ पेक्षा लहान. स्क्रिप्ट कुठलीच चूक दाखवत नाही, यादी गुपचूप छापते. ज्याला जादा तासाची गरज, तोच सुटतो. म्हणून दोन्ही बाजू आधी 'इंट' करून घ्या. (गंमत म्हणजे देवनागरीत ३५ लिहिलं तरी पायथनचं 'इंट' ते बरोबर ओळखतं.)

झरी जामणीला मात्र वेगळीच अडचण. मधली मोकळी जागा पाहून टर्मिनल त्याचे दोन शब्द करतं. २ नंबरवर ३५ ऐवजी 'जामणी' येतं आणि 'इंट' अडून बसतं. नाव दुहेरी अवतरणात लिहा, की ते एकच आर्ग्युमेंट होतं. एकेरी अवतरण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला चालत नाही, लॅबमध्ये मुलं हमखास तिथे अडकतात.

सुरुवातीलाच यादीची लांबी तपासा. ती ३ नसेल तर 'तालुका आणि किमान गुण द्या' असं मराठीत छापून थांबा. पुढे आर्ग्युमेंटं वाढली तर पायथनसोबतच येणारं 'आर्गपार्स' ही तपासणी आणि मदतीचा मजकूर दोन्ही सांभाळतं. दोनच असतील तर 'आर्गव्ही' पुरे.