एकट्या विद्यार्थ्यासाठी पान

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांची एक सवय आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. अवघड मुद्दा आला की ते खडू खाली ठेवीत आणि सर्वांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवीत. एखादा चेहरा गोंधळलेला दिसला की पुन्हा आरंभापासून सांगत. आज विद्यापीठीय अध्यापन बऱ्याच अंशी संगणकाच्या पडद्यावर गेले आहे. तेथे चेहरा दिसत नाही. ती नजर पानात कशी उतरवावी, एवढाच माझा विषय आहे.

हैदराबादला हा प्रश्न नवा नाही. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ येथेच १९८२ साली स्थापन झाले. प्रा. जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू. १९९१ पासून ते डॉ. आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. नोकरी सांभाळून घरी शिकणाऱ्याला नेहमीचे पाठ्यपुस्तक पुरत नाही. म्हणून दूरशिक्षणात पाठाची निराळी घडण रूढ झाली: आरंभी उद्दिष्टे, मग लहान घटक आणि मध्येच वाचकाला थांबविणारे प्रश्न. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतही चित्रफीत व वाचनसाहित्य यांच्या जोडीला स्वयंमूल्यमापन आणि चर्चा आहेच.

हे ठाऊक असूनही मी चुकलो. २०२० च्या टाळेबंदीत एका महाविद्यालयाच्या आग्रहावरून ‘दृष्टान्तपाठा’वरील माझ्या चाळीस हस्तलिखित पानांची छायाचित्रे मी एकाच फायलीत चढविली. महिन्याने एका विद्यार्थिनीने दूरध्वनीवर विचारले, “सर, यातलं आधी काय वाचायचं?” तिच्याकडूनच कळले की वर्गातील एक विद्यार्थी दृष्टिहीन आहे. त्याचा संगणक टंकलिखित मजकूर वाचून दाखवी. माझ्या अक्षराच्या छायाचित्रापुढे तो मुका होई. महिनाभर त्या मुलापर्यंत एक शब्दही पोहोचला नव्हता, आणि त्याने तक्रारही केली नव्हती.

खरे तर उत्तर त्या ग्रंथातच होते. केसोबासांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे सूत्र, त्यांनी सांगितलेला दृष्टान्त आणि मग स्वतःचे दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचा अर्थ उलगडणारे विवेचन, अशी मांडणी केली. एका वेळी एकच विचार!

मी पाने नव्याने केली. सर्व मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला. एका पानावर एक दृष्टान्त, वर एक वाक्य: हे वाचून तुम्हांला काय करता आले पाहिजे. आठवड्याचे काम आणि त्याची तारीख नेहमी एकाच जागी. (रंग आणि हलती चित्रे सुचविणारे पुष्कळ भेटले, मी ती घेतली नाहीत.) सर्वांत अधिक वेळ प्रश्नांना लागला. ‘व्याख्या लिहा’ या प्रश्नाला विद्यार्थी वरचेच वाक्य खाली उतरवितो. म्हणून सूत्र व दृष्टान्त देऊन मी दार्ष्टान्तिक पुढील पानावर ठेवले आणि विचारले: हा दृष्टान्त या सूत्राला कोठे लागू पडतो आणि कोठे अपुरा पडतो? आधी दोन ओळी लिहा, मगच पान उलटा. उत्तराखाली नुसते ‘चूक’ न लिहिता वाचक कोणत्या शब्दावर घसरला असेल, तेही नोंदविले.

त्या आठवड्यात पहिले उत्तर त्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचे आले. माझ्या विवेचनातील एक अर्थ त्याला मान्य नव्हता. मूळ पाठ पुन्हा पाहिला आणि ते पान मी बदलले.