एकाच घरचे चार कॅमेरे

हल्ली प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा असतो. त्यामुळे रोल घालायचे जुने कॅमेरे केव्हाच अडगळीत गेले असतील, असा कुणाचाही समज होईल. पण आमच्याच वर्गात गेल्या वर्षभरात तिघांनी असा कॅमेरा विकत घेतला आणि आणखी पाच-सहा जण घेण्याच्या विचारात आहेत. माझ्या मामांना या गोष्टींचा नाद असल्याने माझ्या कानावर थोडेफार पडलेले आहे, म्हणून ते मला विचारतात, "कोणता घेऊ?" प्रश्न साधा आहे, पण पैसे शिकवण्या घेऊन किंवा सुट्टीत काम करून जमवलेले असतात. तेव्हा उत्तर जपून द्यावे लागते. जुन्या बाजारातला विक्रेता ज्या कॅमेऱ्यावर बटणे जास्त तोच चांगला म्हणून पुढे करतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. मला हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडून पाहावासा वाटला.

त्यासाठी एकच घराणे घेतो. जपानच्या आसाही ऑप्टिकल या कंपनीने १९७५ साली पेंटॅक्स नावाखाली के-२, केएक्स आणि केएम असे तीन कॅमेरे एकदम बाजारात आणले आणि १९७६ साली त्यांच्या पाठीवर के-१००० आणला. के-२ थोरला आणि महाग, के-१००० शेंडेफळ आणि सर्वांत स्वस्त. मामांकडे यांपैकी केएक्स आणि के-१००० आहेत. उरलेले दोन त्यांच्या ओळखीच्या एका वृद्ध छायाचित्रकारांनी मला दुपारभर हाताळू दिले.

आधी चौघांत समान काय ते सांगतो. हे सर्व एसएलआर कॅमेरे आहेत, म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडून वर जातो, तिथल्या पंचकोनी काचेतून वळतो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. लेन्सला जे दिसते तेच आपल्याला दिसते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा ठरलेल्या वेळेपुरता उघडतो आणि फिल्मवर प्रकाश पडतो. लेन्स बसवण्याची खाचही चौघांची एकच आहे. त्याआधीच्या पेंटॅक्सची लेन्स बरणीच्या झाकणासारखी आटे फिरवून बसवावी लागे. १९७५ च्या या के-माउंटवर ती पाव वळणाच्या आतच खटकन बसते. आजही पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवर हेच माउंट आहे, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स त्यावर बसते. लेन्सवर केलेला खर्च बुडीत जात नाही, हा मुद्दा हिशेबात महत्त्वाचा.

आता फरक. के-१००० मध्ये डोळा लावला की उजवीकडे एक सुई दिसते. वेग आणि ॲपर्चर (लेन्समधले लहानमोठे होणारे छिद्र) फिरवत ती मधोमध आणायची, की प्रकाश बरोबर. वेग एक सेकंदापासून एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. बस, एवढेच. कोणता वेग लावला आहे ते आत दिसत नाही, त्यासाठी कॅमेरा डोळ्यावरून खाली घ्यावा लागतो. केएम म्हणजे हाच कॅमेरा, पण दोन सोयी जास्त. एक सेल्फ-टायमर आणि दुसरी, फोटो काढण्याआधी ॲपर्चर मिटवून पाहण्याची कळ. खरे तर उलट म्हणायला हवे : केएममधून या दोन गोष्टी काढून टाकल्या, किंमत खाली आणली आणि त्याला के-१००० नाव दिले.

सेल्फ-टायमर नसल्याचा परिणाम आमच्या आजोळच्या अल्बममध्ये दिसतो. पंधरा वर्षांच्या फोटोंत मामा जवळजवळ नाहीतच. अर्थात कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची तयारी नसे, हेही तितकेच खरे!

केएक्समध्ये मात्र मोठी सुधारणा आहे. वेग आणि ॲपर्चर दोन्ही आत डोळ्यासमोर दिसतात. आरसा आधीच वर उचलून ठेवता येतो, म्हणजे तिवईवर मंद वेगाने फोटो काढताना त्याचा हादरा बसत नाही. आणि प्रकाश मोजणारा घटक वेगळा आहे. केएम आणि के-१००० मध्ये तो कॅडमियम सल्फाइडचा आहे. प्रकाश पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि सुई हलते. पण कमी उजेडात तो आळशी होतो. उन्हातून आत आल्यावर सुई आपल्या जागी यायला वेळ घेते. केएक्स आणि के-२ मध्ये सिलिकॉनचा घटक आहे, तो संध्याकाळीही चटकन उत्तर देतो. दिवेलागणीच्या वेळी देवळाच्या आवारात दोन्ही कॅमेरे शेजारी धरून मी हे पाहिले आहे. एरवी कुणी सांगितले असते तर फरक एवढा असेल असे मला वाटले नसते.

के-२ ची गोष्टच निराळी. आपण ॲपर्चर ठरवायचे, वेग कॅमेरा स्वतः ठरवतो, आठ सेकंदांपासून हजाराव्या भागापर्यंत. बाकी तिघांचा पडदा कापडी आणि आडवा सरकणारा. के-२ चा धातूचा आणि उभा. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असल्याने उभ्या पडद्याला अंतर कमी पडते. म्हणून फ्लॅश के-२ वर १/१२५ वेगापर्यंत चालतो, बाकीच्यांवर १/६० पर्यंतच. मात्र हा पडदा विजेच्या हुकमतीत आहे. सेल संपले की बहुतेक वेग गेलेच. बाकीच्या तिघांत सेल फक्त सुईपुरता; तो संपला तरी सर्व वेग चालू राहतात आणि भर उन्हात ॲपर्चर १६ व वेग रोलच्या आयएसओ आकड्याच्या जवळपास ठेवून फोटो काढता येतात.

एवढे वाचून कुणीही के-२ नाही तर केएक्स घ्या म्हणेल. पण हिशेब इथे संपत नाही. कॅमेरा हा भांडवली खर्च, एकदा केला की झाला. रोल, तो धुणे आणि छापणे हा चालू खर्च, आणि तो दर ३६ फोटोंनंतर पुन्हा उभा राहतो. म्हणून मी प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारला : तू माझी फ्रेम वाया जाण्यापासून वाचवतेस का?

सिलिकॉनचा घटक वाचवतो, पण फक्त कातरवेळी. आरसा उचलण्याची सोय वर्षातून एखाद्या वेळी. आतले आकडे वेळ वाचवतात, फ्रेम क्वचितच. ॲपर्चर मिटवून पाहण्याची कळ मात्र खरोखर वाचवते, कारण पाठीमागची किती गर्दी फोटोत स्पष्ट येणार ते आधीच कळते. (के-१००० वाले यावर एक युक्ती करतात. लेन्स सोडवायचे बटण दाबून ती किंचित फिरवली की ॲपर्चर मिटते. फक्त हात घट्ट हवा.) राहिले के-२ चे स्वयंचलन. मिरवणुकीत उजेड क्षणाक्षणाला बदलतो, तिथे ते उपयोगी. पण खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा फोटो काढताना तेच बिघडवते, कारण कॅमेऱ्याला चेहरा कोणता आणि खिडकी कोणती हे ठाऊक नसते. तो सरासरी काढतो, आणि सरासरी किती फसवी असते हे संख्याशास्त्राच्या पहिल्या तासालाच आम्हाला सांगितले आहे. त्यावर उपाय म्हणून के-२ मध्ये प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय आहे. पण ती वापरायची वेळ कोणती हे ओळखणाऱ्याला सुईही पुरते.

या मोजमापाने केएम पहिला यायला हवा. गंमत अशी की तोच मिळणे कठीण. १९७६ च्या अखेरीस कंपनीने एम मालिकेचे लहान आकाराचे कॅमेरे आणले आणि केएम, केएक्स लवकरच मागे पडले. के-२ ही १९८० च्या सुमारास थांबला. शेंडेफळ मात्र १९९७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे बनत राहिले. जपानमधून त्याची जुळणी आधी हाँगकाँगला आणि पुढे चीनमध्ये गेली, काही धातूचे भाग प्लॅस्टिकचे झाले, पण रचना तीच राहिली. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत छायाचित्रण शिकवणारे शिक्षक विद्यार्थ्यांना हाच कॅमेरा घ्यायला सांगत, आणि दरवर्षी नवा वर्ग येई. ज्या वस्तूतून जास्तीत जास्त काढून टाकले तीच सर्वांत जास्त टिकली, हे आमच्या पुस्तकातल्या मागणीच्या प्रकरणात शोभले असते.

आज त्याचा फायदा आपल्याला असा, की के-१००० भरपूर आहेत. एक बिघडला तर दुसऱ्या मोडक्यातून भाग काढता येतो, आणि मेकॅनिकने तो आधी उघडलेला असतो. के-२ चे विजेचे सर्किट गेले तर तो कपाटातच शोभतो. सुटे भाग मिळणे हे वैशिष्ट्य कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. माझ्या वहीत मात्र ते पहिल्या ओळीत आहे. म्हणून विचारणाऱ्यांना मी के-१००० सांगतो. चांगल्या स्थितीतला केएक्स दोन रोलांच्या फरकाने मिळत असेल तर तो.

घेताना मागचे झाकण उघडून एक सेकंदाचा वेग लावावा आणि कानाने ऐकावा. अडखळला तर दुरुस्ती आली. कापडी पडदा दिव्यासमोर धरून सुईच्या अग्राएवढी भोके आहेत का पाहावे. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चिकट झालेला असतो, तो बदलणे स्वस्त आहे, त्यावरून भाव पाडून घ्यावा. के-१००० ला सुईचे चालू-बंद बटण नाही. लेन्सवर टोपी घातली की अंधारामुळे प्रवाह अगदी नाममात्र होतो, म्हणून टोपी हरवलेला कॅमेरा सेल लवकर खातो. आणि लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहावे. ती बुरशी असते. आपल्या बेळगावच्या पावसात ती फार लवकर धरते, तेव्हा जूनपासून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा.