पेशीतली पानगळ

मरण म्हणजे शरीराचा पराभव, असे आपण सहज धरून चालतो. पेशींच्या बाबतीत ते बरेचदा शरीराने ठरवून केलेले काम असते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी अशा मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने किंवा पाकळ्या गळणे. म्हणजे आपली पानगळच.

ही पानगळ किती नेमकी असते ते सी. एलिगन्स या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीने दाखवले. या उभयलिंगी कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात. त्यांतल्या १३१ ठरल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ सालचे नोबेल मिळाले.

मला मात्र यापुढचा प्रश्न अधिक गुंतवून ठेवतो. कृमीतल्या त्या पेशींचे मरण आधीच ठरलेले असते. पण उन्हाने भाजलेल्या त्वचेतल्या पेशीचे काय? तिने दुरुस्त होऊन जगायचे की मरायचे, हे कोण ठरवते?

अतिनील किरण, उष्णता, विषारी द्रव्ये यांचा ताण आला की पेशीत निरोपांची एक साखळी जागी होते. एक विकर दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवून कामाला लावतो, दुसरा तिसऱ्याला. साखळीच्या शेवटी ‘जेएनके’ आणि ‘पी-३८’ हे विकर असतात. जेएनके ‘सी-जून’ या प्रथिनाला फॉस्फेट जोडतो आणि काही जनुके चालू होतात. शिवाय त्याचा निरोप तंतुकणिकांपर्यंतही पोहोचतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या तंतुकणिकांच्या आवरणाला भोके पडली, की आतले ‘सायटोक्रोम सी’ बाहेर येते आणि ‘कॅस्पेज’ नावाचे कातरणारे विकर जागे होतात. पेशी आक्रसते, तिचा डीएनए तुकड्यातुकड्यांत कापला जातो आणि शेजारच्या पेशी तिचे अवशेष गिळून टाकतात. एरवी पेशी फुटून मेली तर भोवती दाह होतो. इथे सहसा तो होत नाही.

मग जेएनकेला मारेकरी म्हणावे का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने तसेच सुचवले. जेएनकेच्या दोन्ही मुख्य जनुकांविना वाढवलेल्या उंदराच्या भ्रूणपेशी अतिनील किरणांच्या माऱ्यातही तगल्या. त्यांच्यात सायटोक्रोम सी बाहेर पडलेच नाही. पण त्याआधी वर्षभर, तीच दोन जनुके नसलेल्या उंदराच्या भ्रूणांनी वेगळेच चित्र दाखवले होते. त्यांच्या पश्चमेंदूत पेशींचे मरण कमी झाले आणि तिथली चेतानलिका मिटली नाही. अग्रमेंदूत मात्र मरण वाढले. म्हणजे तोच विकर एका जागी मारत होता आणि दुसऱ्या जागी राखत होता.

जागेइतकाच काळही महत्त्वाचा. जेएनकेचा इशारा थोडा वेळ वाजून थांबला तर पेशी बहुधा सावरते. तो तासन् तास वाजत राहिला तर पारडे मरणाकडे झुकते. दाहाचा निरोप देणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाच्या बाबतीत हे २००१ साली स्पष्ट झाले. ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचे प्रथिन जेएनकेचा इशारा वेळेवर बंद करते. ते निकामी केले की इशारा लांबतो आणि पेशी मरते. माझ्या मते या कथेचे मर्म इथेच आहे. निर्णय कुणा एका रेणूच्या हाती नसतो. इशारा कुठे वाजला, किती वेळ वाजला आणि तो थांबवणारे कुणी जागे होते का, यांवर तो ठरतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की मेंदूतल्या, कदाचित वाचू शकल्या असत्या अशा, पेशीही या वाटेने जातात. कर्करोगात नेमके उलटे घडते. मरायला हव्या त्या पेशी इशारा धुडकावून वाढत राहतात आणि केमोथेरपीची कित्येक औषधे त्यांना पुन्हा याच वाटेवर आणू पाहतात. मेंदू वाचवण्यासाठी जेएनके सरसकट बंद केला, तर दुसऱ्या एखाद्या अवयवातली बिघडलेली पेशीही जिवंत राहू शकते. म्हणून ‘मरण थांबवणारे औषध’ अशी बातमी वाचली, की मी आधी दोन गोष्टी शोधतो: कोणत्या पेशीतले मरण, आणि किती काळ थांबवायचे?