सरासरीचा पाऊस आणि सोनिवलीची लावणी

बदलापूरच्या वाढत्या वस्तीला लागून असलेल्या सोनिवलीसारख्या गावात भातशेतीचे वर्ष पावसाआधीच सुरू होते. पालापाचोळा व शेण पसरून राब भाजायचा, रोहिणी नक्षत्रात धूळवाफेची पेरणी करायची आणि मृगाच्या सरींवर रोपे वाढली की तीनेक आठवड्यांनी चिखलणी करून लावणी उरकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पाऊस चार दिवस मागेपुढे होईल, पण वेळेला येईल, हे त्यातले गृहीत होते.

ते गृहीतच आता ढासळले आहे. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ साली तो २५ जूनला आला, तर २०२५ साली २६ मे रोजीच दाखल झाला. दोनच वर्षांत महिन्याचे अंतर! पाऊस लांबला की रोपे जून होतात व फुटवे कमी येतात. तो लवकर आला की धूळवाफ साधत नाही. मोड आणलेले बियाणे चिखलावर फेकावे लागते. पुढेही निश्चिंती नाहीच. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर कोकणात कापून ठेवलेले भात शेतातच भिजले व लोंब्यांना मोड आले.

हंगामाच्या अखेरीस मात्र ‘सरासरीइतका पाऊस’ अशी नोंद होऊ शकते. पीकविम्याची भरपाईही महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. शेतकऱ्याचे नुकसान मात्र त्याच्या एकट्याच्या खाचरात होते. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी हा खर्च कोणत्या सरासरीत धरायचा? अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाने लावणीसाठी रजा तरी कोणत्या आठवड्यात मागायची? अशी दोन वर्षे लागोपाठ गेली की जमिनीचे गिऱ्हाईक दाराशी उभेच असते. आणि एकदा विकलेले खाचर पुन्हा शेतीकडे येत नाही.

उपाय फार दूरचे नाहीत. जवळच्याच कर्जतच्या संशोधन केंद्राने कर्जत-३ सारखे हळवे वाण दिले आहेत. दुबार पेरणीपुरते असे बियाणे तालुक्यात राखून ठेवावे, सामुदायिक रोपवाटिका उभाराव्यात आणि विम्याने मंडळाऐवजी निदान गाव तरी पाहावे. पाऊस कोणाच्याच हाती नाही. परंतु त्याच्या लहरीपणाचा सारा भार एकाच कुटुंबाने वाहावा, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. ती आपण केलेली व्यवस्था आहे, म्हणून बदलताही येईल.