पाण्यातले विष आणि संशोधकाची बढती

पर्यावरणशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी झालेल्या आणि जलप्रदूषणाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलामुलींसमोर आपल्याकडे मोजक्याच वाटा असतात. नेट देऊन पीएचडीला लागायचे, नागपूरच्या ‘नीरी’सारख्या संस्थेत प्रकल्पावर काम धरायचे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरतीची वाट पाहायची, नाहीतर पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीत रुजू व्हायचे. या सगळ्या वाटांवर एक गोष्ट सारखीच घडते. जो वर चढतो तो नदीपासून, विहिरीपासून आणि ते पाणी पिणाऱ्या माणसांपासून लांब जातो. बाटल्या घेऊन नाल्यावर उतरणारा बहुधा कंत्राटी असतो. कायम होतो तो त्या आकड्यांवर निबंध लिहिणारा. ही रचना या विषयाच्या स्वभावाविरुद्ध आहे, असे माझे म्हणणे आहे. पाण्यातले विष अंगात भिनून दिसू लागायला कित्येकदा दहा-वीस वर्षे जातात. तीन वर्षांच्या प्रकल्पाला मात्र तीनच पावसाळे मिळतात. ज्यांनी अशा विषाचा माग शेवटपर्यंत काढला ते एका जागी तळ ठोकून बसले होते, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या नोकरीत मोजली.

जपानमधील मिनामाताचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचायला हवा. क्यूशू बेटावरच्या या गावात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. तिथे ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पारा वापरला जाई आणि सांडपाणी समुद्रात सोडले जाई. हातपाय लुळे पाडणाऱ्या अनाकलनीय आजाराची सरकारदरबारी पहिली नोंद 1 मे 1956 रोजी झाली. ती कळवली कारखान्याच्याच रुग्णालयाने. रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी 1959 मध्ये ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी थेट मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले. प्रयोगातले 400 क्रमांकाचे हे मांजर ऑक्टोबरात झोकांड्या खाऊ लागले, त्याला झटके येऊ लागले. कंपनीने पुढचे प्रयोग थांबवायला लावले आणि निष्कर्ष दडपला. सांडपाणी 1968 पर्यंत वाहत राहिले. 1970 मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी रुग्णालयातूनच साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांच्याकडे बुद्धीही होती आणि पुरावाही होता. पण त्यांचा पगार ज्याचे सांडपाणी त्याच्याच तिजोरीतून येत होता. आपल्याकडेही आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. तिथे नोकरी धरणाऱ्या तरुणाने होसोकावांची ही अकरा वर्षे जरूर आठवावीत.

विद्यापीठात गेले की मोकळीक मिळते, असेही नाही. मिनामाताचाच माग काढणारे जुन उई प्लास्टिक बनवणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडून टोकियो विद्यापीठात आले. तिथे ते 1965 ते 1986 अशी एकवीस वर्षे सर्वांत खालच्या सहायक पदावर राहिले. या काळात त्यांनी मिनामाताचे कागद धुंडाळले आणि 1970 पासून पंधरा वर्षे प्रदूषणावर संध्याकाळची खुली व्याख्याने चालवली. प्राध्यापकपद मिळाले ते दूर ओकिनावात. कुमामोतोचे मनोविकारतज्ज्ञ मासाझुमी हारादा यांचीही कथा अशीच. मिनामाताच्या कामाने त्यांची जगभर ओळख झाली, पण कुमामोतो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले नाही. ते पद त्यांना 1999 मध्ये दुसऱ्या, खासगी विद्यापीठात मिळाले.

हारादांचे काम जवळून पाहिले की नुसत्या चिकाटीने काय साधते ते कळते. रुग्णांच्या घरी जाताना त्यांना दोन भाऊ दिसले, दोघांची लक्षणे सारखीच. थोरल्याला मिनामाता आजार आणि धाकट्याला जन्मजात मेंदूचा पक्षाघात, असे वैद्यकीय निदान होते, कारण विष माशांतून येत असे आणि धाकट्याने मासे खाल्लेलेच नव्हते. आई मात्र ठाम होती : गरोदरपणी मासे मी खाल्ले, विष पोटातल्या बाळाला गेले. वार गर्भाला विषापासून वाचवते, असे तेव्हाचे पाठ्यपुस्तक सांगत होते. आईचे म्हणणे 1962 मध्ये मान्य झाले. पुढे हारादांनी याहून विलक्षण पुरावा गोळा केला. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ छोट्या डबीत आठवण म्हणून जपून ठेवतात. त्या नाळा त्यांनी कुटुंबांकडून मिळवल्या आणि त्यांतला मिथिल पारा मोजला. जन्मवर्षांप्रमाणे मांडल्यावर पाऱ्याचे प्रमाण कारखान्याच्या उत्पादनाबरोबर चढता-उतरताना दिसले. कोणती आई आपल्या लेकराची नाळ अनोळखी माणसाच्या हाती देईल? या पुराव्यासाठी आधी वर्षानुवर्षे त्या उंबऱ्यांवर जावे लागले होते.

यावर पहिला आक्षेप असा की, पीडितांत इतका मिसळणारा संशोधक तटस्थ राहत नाही. आक्षेप गंभीर आहे, पण मिनामातात पुरावा उलट दिसतो. 1959 मध्ये कुमामोतोच्या वैद्यकांनी पाऱ्याकडे बोट दाखवल्यावर रासायनिक उद्योगाच्या संघटनेतून युद्धकाळात खाडीत टाकलेल्या स्फोटकांचा सिद्धांत आला. टोकियोतल्या एका प्राध्यापकांनी सडक्या मासळीतल्या अमाइनांना दोष दिला. लांब बसलेल्यांचे हे सिद्धांत टिकले नाहीत. जवळून पाहणाऱ्यांचा टिकला. तटस्थता अंतराने मोजायची गोष्ट नाही. ती मोजमापाच्या काटेकोरपणात असते आणि तो हारादांच्या नाळांत पुरेपूर होता.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक : आता यंत्रे एका दिवसात पाण्याची कुंडली मांडतात, मग वीस वर्षे कशाला? पण यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1992 मध्ये बांगलादेशातल्या कूपनलिकांचे पाणी तपासले, अनेक मूलद्रव्ये मोजली. आर्सेनिक त्या यादीत नव्हते. तोवर शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकचे रुग्ण सापडून दहा वर्षे होत आली होती. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी रुग्णांच्या तळहातांवरच्या खरखरीत गाठी आणि अंगावरचे काळे डाग ओळखले होते. परदेशात काम केलेले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती 1988 पासून या प्रश्नाला जुंपले गेले आणि 2018 मध्ये निधन होईपर्यंत त्यातच राहिले. जादवपूर विद्यापीठातल्या त्यांच्या गटाने पाण्याबरोबर गावकऱ्यांचे केस, नखे, लघवी तपासली. यंत्रे दोन्हीकडे होती. काय मोजायचे हे रुग्ण पाहिलेल्यांना ठाऊक होते.

उरतो तो सगळ्यांत खरा आक्षेप : घर चालवायचे असलेल्या तरुणाला उई किंवा हारादा व्हायला सांगणे अन्याय आहे. मला तो शंभर टक्के मान्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न त्यागाचा नसून पदांचा आहे. प्रदूषण मंडळांतल्या रिकाम्या जागा भरणे हे त्यातले निम्मेच काम झाले. एकेका नदीखोऱ्याला बांधलेली कायम पदे हवीत, त्यांचा पगार तपासल्या जाणाऱ्या उद्योगाशी कोणत्याही वाटेने जोडलेला नसावा, आणि बढतीसाठी त्याच ठिकाणाची अखंड नोंदवही शोधनिबंधाइतकी धरली जावी. जुने नमुने जपणारी शीतगृहेही हवीत, म्हणजे आज न सुचलेला प्रश्न पुढचा संशोधक विचारू शकेल. सुरुवातीला फार लांब जायला नको. चंद्रपूर आणि यवतमाळच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात हाडे वाकायला वर्षे लागतात. तिथल्या विहिरी आणि शाळकरी मुलांचे दात दरवर्षी पाहणारे दोन-चार वैज्ञानिक निवृत्तीपर्यंत त्याच तालुक्यांत नेमता येतील, आणि त्यांच्या जागा त्यांच्या निवृत्तीआधीच भरता येतील.