कार्यशाळेला कुलूप असताना

मार्च २०२० मध्ये आमचे वसतिगृह रिकामे झाले. पुढील दोन वर्षे शाळेचे अनेक माजी विद्यार्थी तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होते. म्हणजे हजेरीपटावर नाव तेथे होते आणि मुलगा अथवा मुलगी गावी, घरच्या ओट्यावर. त्या काळात पालकांनी आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारला : "सर, गणित मोबाइलवर शिकवतील, पण यंत्राचे काम मोबाइलवर कसे शिकवणार?" आम्ही इतिहास शिकवणारी माणसे, तरीही विज्ञानाच्या सहकाऱ्यांसह या मुलांच्या धडपडीत आमचाही हात लागला. त्यातून जे उमगले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

प्रथम प्रकल्प-अभ्यासक्रम म्हणजे काय, ते पाहू. प्रयोगशाळेतील प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते; विद्यार्थ्याने तेथवर पोहोचायचे असते. प्रकल्पाचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते. चार-पाच जणांच्या गटाने एखादी अडचण निवडायची, आराखडा काढायचा, वस्तू घडवायची, ती बिघडली की पुन्हा घडवायची. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात विषयागणिक सूक्ष्म-प्रकल्प आणि अखेरच्या वर्षी मोठा प्रकल्प असतो. पदवीच्या पहिल्या वर्षी कार्यशाळेचे तास असतात, ते या सर्वांची पूर्वतयारी म्हणून.

या तासांना मूल नेमके काय शिकते? फिटिंगच्या कामाचे उदाहरण घ्यावे. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कापून, कानशीने घासून असे करायचे की एकाची खाच दुसऱ्याच्या टोकात चपखल बसावी. गुण्या लावून काटकोन तपासायचा आणि शेवटी जोड उजेडाकडे धरून पाहायचा. फटीतून उजेड आला की काम फसले. कानस किती दाबावी, ती एका बाजूला कलंडते आहे हे मनगटाला केव्हा कळावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहून भागत नाही. शेजारचा मुलगा चुकतो तेही दिसते. निदेशक पाठीमागून येऊन नुसता कोपर धरून सरळ करतो आणि मुलाला कळते. टाळेबंदीने हिरावला तो हा कोपर धरणारा हात. माहिती तर भरपूर होती, उलट अतोनात होती.

महाविद्यालयांनी पहिला आधार घेतला तो संगणकावरील आभासी प्रयोगशाळांचा. केंद्र सरकारच्या योजनेतील 'व्हर्च्युअल लॅब्ज' टाळेबंदीपूर्वीपासून होत्याच. 'टिंकरकॅड'सारख्या संकेतस्थळावर आर्डुइनोचे मंडल पडद्यावरच जोडता येते. मुंबई आयआयटीच्या 'ई-यंत्र' रोबोटिक्स स्पर्धेतही २०२०-२१ मध्ये मुलांनी यंत्रमानव चालवले ते गझीबो, कोपेलियासिम अशा आभासी जगांत. यास कमी लेखण्याचे कारण नाही. पाच व्होल्टला एलईडी जोडताना मध्ये २२० ओहमचा रोध का हवा, हे पडद्यावर उत्तम कळते. रोध न लावल्यास तेथे एलईडी फुटल्याची खूण दिसते. खिशातून मात्र काही जात नाही. गरीब घरच्या मुलाला न घाबरता चुकता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण पडद्यावरील तार कधी सैल होत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक माजी विद्यार्थिनी पाणी-पातळी दर्शकाचा प्रकल्प पडद्यावर पूर्ण करून बसली होती. निर्बंध सैल झाल्यावर ती शाळेत आली आणि तेच मंडल खऱ्या ब्रेडबोर्डावर जोडू लागली. अर्धे मंडल चाले, अर्धे मृत. दोन दिवस तिने प्रोग्राम तपासला. दोष प्रोग्राममध्ये नव्हताच. मोठ्या आकाराच्या काही ब्रेडबोर्डांवर कडेची वीजपट्टी मध्यभागी तुटक असते; अलीकडच्या भागातील वीज पलीकडे जातच नाही. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तिच्या हाती मल्टिमीटर दिला आणि दोष कोठे आहे ते सांगितले नाही. सायंकाळी तिने बोटभर तारेचा तुकडा मध्ये खोचला आणि दिवा लागला. तिचे म्हणणे असे की, त्या दोन दिवसांत ती वर्षभरापेक्षा अधिक शिकली. आम्हांस ते अतिशयोक्त वाटत नाही.

दुसरा मार्ग सामानच घरी पाठवण्याचा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम शिकवतात. २०२० च्या सत्रात त्यांच्या विद्यार्थ्यांना लहान यंत्रे आणि सुटे भाग घरपोच देण्यात आले. हे नाव आपणांस परके वाटेल. परंतु त्याच विचारातून जन्मलेल्या 'फॅब लॅब'पैकी अगदी आरंभीची एक २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये स्थापन केलेली ही संस्था ग्रामीण मुलांना हातांनी काम करीत शिकवत आली आहे. एमआयटीइतका खर्च आपल्याकडे कोण करणार? आम्ही आमच्यापुरत्या पत्र्याच्या सहा पेट्या केल्या. प्रत्येकीत आर्डुइनो, ब्रेडबोर्ड, तारा, मल्टिमीटर, डाख देण्याचे साधन आणि पक्कड. माजी विद्यार्थ्यांनी पेटी महिनाभर न्यावी, वहीत सही करावी, पुढच्यास पोहोचवावी. एसटी बंद असताना एक पेटी भाजीच्या टेम्पोतूनही गेली.

तिसरा मार्ग कोणी आखून दिला नव्हता. यंत्र अभियांत्रिकीचा आमचा एक विद्यार्थी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसू लागला. तेथे पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड बनत होते. पायाखालची पट्टी खाली गेली की वरचा दांडा बाटलीचा पंप दाबतो, इतकीच रचना. पण टेकू कोठे घ्यावा, पाय किती दाबला तर पंप किती खाली जातो, हे तरफेचे गणित त्याने तेथे दुकानदाराच्या खडूने फरशीवर मांडले. दुकानदार सातवी शिकलेला. महाविद्यालयाने तो प्रकल्प मान्य केला. मात्र दुकानदाराचे नाव अहवालात 'मार्गदर्शक' म्हणून घालण्यास नकार दिला. हे आम्हांस आजही सलते.

गटातील कामाची कथा फारशी सुखद नाही. पाच जणांच्या गटात ज्याच्या घरी जागा, साधने आणि नेट, तो वस्तू बनवी. उरलेले अहवाल टंकून देत. गुण सर्वांना सारखे, हात मात्र एकाचेच तयार झाले.

येथे इतिहासाचा शिक्षक या नात्याने थोडे बोलावेसे वाटते. १६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद पडले आणि न्यूटनने घरी राहून मोठे शोध लावले, हा दाखला टाळेबंदीत फार ऐकला. ते घर म्हणजे वूल्सथॉर्पचा जमीनजुमल्याचा वाडा होता, हे सांगायचे राहून जाई. कार्यशाळेतील कानस सर्वांची असते. घरातील कानस ज्याच्या घरी असेल त्याची. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या; शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची सोयही मागितली. केवळ पुस्तकी शिक्षण त्यांना पुरेसे वाटले नव्हते. शिष्यवृत्ती हातात पडेल, पण यंत्रापर्यंत हात पोहोचेल कसा, हा प्रश्न त्या मागणीमागे आम्हांस दिसतो. महामारीत तोच प्रश्न आमच्या मुलांपुढे पुन्हा उभा राहिला.

ऑक्टोबर २०२१ नंतर महाविद्यालये हळूहळू उघडली. काही ठिकाणी बुडालेले कार्यशाळेचे तास सुट्टीत भरून घेतले, काही ठिकाणी गुण देऊन प्रकरण मिटवले. अशी मिटवलेली मुले आज नोकरीत आहेत. त्यांतील दोघे सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन डाख द्यायला शिकून गेले. त्यांना संकोच वाटला नाही, याचा आम्हांस आनंद आहे.

सहापैकी पाच पेट्या परत आल्या आहेत. सहावी कोणाकडे आहे ते वहीत लिहिलेले आहे आणि ती तेथे वापरात आहे, म्हणून आम्ही मागितली नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे चालू स्थितीतील मल्टिमीटर किंवा आर्डुइनो पडून असेल, त्यांनी तो वसतिगृहाच्या कार्यालयात आणून द्यावा. सातव्या पेटीचा पत्रा कापून तयार आहे.